झेंडा उतरवणारे आमचे व्याही

झेंडा वर चढवायला अख्खा देश हजर असतो. तोच झेंडा फाटला, विटला, दोरीला गुंडाळी होऊन लोंबायला लागला की त्याला मानाने खाली उतरवणारा माणूस मात्र सबंध पृथ्वीतलावर एकच आहे. तो नेमका आमचा व्याही असावा, हा योग आमच्या लेकीच्या पत्रिकेत कुठल्या घरात दडून बसला होता, हे मला एकाही ज्योतिषाने सांगितलं नाही. आम्ही गुण जुळवले, मुलाची कॉलेजातली नोकरी तपासली, घरचं कापसाचं रान रस्त्यावरून का होईना पाहून आलो. मुलाच्या वडिलांची मान सदानकदा आभाळाकडे का वळलेली असते, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं. मुलीच्या बापाने विचारायचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांत हा नव्हता.

अमळनेरहून धुळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमचे हे व्याही राहतात. गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही आबा म्हणतो. ते मला याहीबुवा म्हणतात, आणि अशा खणखणीत आवाजात की जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या फाटकाशी त्यांनी हाक मारली की आजूबाजूच्या घरांतली माणसंही आपापल्या फाटकाशी येऊन उभी राहतात. उंच, काटक, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि पायात करकरणारी चप्पल. शेती चांगली, दारात ट्रॅक्टर, गावात शब्दाला वजन. अशा माणसाने सत्तरीला टेकल्यावर ओट्यावर बसून गुडघे चोळावेत, नातवंडं खेळवावीत. पण आबांची नजर जमिनीवर कधी ठरलीच नाही. रस्त्याने जाताना लोक खड्डे बघतात, आबा गच्च्या बघतात. एकदा रावेरला आम्ही दोघं लग्नाला गेलो होतो. तिथल्या नातलगाची स्कूटर घेतली, मला मागे बसवलं आणि आबा निघाले. केळीच्या वखारीपुढे ट्रकमध्ये घड भरणं चाललं होतं. आबांना समोरच्या इमारतीवर काहीतरी दिसलं आणि त्यांनी स्कूटर थेट घडांच्या राशीत नेऊन घातली. मी पानांच्या ढिगात, हमाल शिव्या देत धावून येताहेत, आणि आबा पडल्या जागेवरून बोट वर करून मला दाखवताहेत, "देखा याहीबुवा, वाराकडली कड बठ्ठी उसवाई गयी." केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून आयुष्यात जात नाही. माझी लग्नासाठी कडक इस्त्री केलेली पँट त्या दिवशी कायमची वाया गेली आणि तो झेंडा दुपारच्या पंगतीआधी खाली उतरला.

त्यांची आणि माझी पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. मुलगा, त्याची आई आणि आबा असे तिघं आले होते. मुलाच्या आईला गाव अक्का म्हणतं. आमच्या घरात त्या दिवशी सकाळपासून जो तणाव होता तो मुलीच्या बापालाच कळेल. पोहे झाले, लेक चहाचा ट्रे घेऊन आली, आणि माझ्या लक्षात आलं की आबा तिच्याकडे बघतच नाहीयेत. त्यांची नजर तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर गेली होती. लेकीचा चेहरा उतरला, हिने मला कोपराने ढोसलं, तेवढ्यात आबा उभे राहिले. "तो झेंडा कोना शे?" त्यांनी विचारलं. शेजारच्या गच्चीवर मागच्या पंधरा ऑगस्टला लावलेला झेंडा तसाच होता. पावसाने धुतलेला, उन्हाने विटलेला, एक कोपरा पार चिंधी झालेला. तो शेजाऱ्यांचा आहे, आणि शेजाऱ्यांशी आमचं पाण्याच्या मोटारीवरून बोलणं बंद आहे, हे मी सांगेपर्यंत आबा चपला घालून बाहेर पडलेसुद्धा. मुलगा कानापर्यंत लाल झाला. अक्का तेवढ्या शांतपणे पोहे खात होत्या. "बसा, तेस्ले वेळ लागस," त्या म्हणाल्या, "पोहे मस्त व्हयनात."

थोड्या वेळाने आबा परत आले. दोन्ही तळहात पुढे धरलेले, त्यांवर झेंड्याची घडी. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडलेला, वर मधोमध चक्र. मागून ज्यांनी आमच्याशी कित्येक महिने तोंड उघडलं नव्हतं ते शेजारी, ओशाळलेल्या चेहऱ्याने. खोलीतले आम्ही सगळे उभे राहिलो. कुणी कुणाला उभं राहा असं सांगितलं नव्हतं. हिच्या हातात पोह्यांची कढई होती, ती कढईसकट उभी राहिली. आबांनी आमच्या लेकीकडे त्या दिवसात पहिल्यांदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "पोर पसंत शे. पन पहिले ह्या झेंडाले ठेवाले जागा द्या." आमच्या लेकीचं लग्न असं ठरलं. देवघराशेजारच्या पाटावर झेंडा विसावला आणि मगच सुपारी फुटली. शेजारी लग्नाला सहकुटुंब आले आणि पंगतीत वाढायलाही उभे राहिले.

कापसाचा हंगाम येतो तसा आबांचाही येतो, आणि वर्षातून दोनदा येतो. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीची सकाळ गाव साजरी करतं. आबांचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं. शाळेपासून बाजारापर्यंतचा रस्ता ते वाकून चालतात, त्यांची मान खाली जाण्याचा वर्षातला तेवढाच प्रसंग. पोरांच्या हातून पडलेले कागदी झेंडे, मोटरसायकलवरून उडालेले, गटाराच्या कडेला चिकटलेले असे सगळे ते एका धुतलेल्या कापडी पिशवीत गोळा करतात. मग ओट्यावर बसतात आणि लोक येतात. बाया पदराखाली झाकून झेंडा आणतात, दुकानदार आणतात, ग्रामपंचायतीचा शिपाई आणतो. आबा तो दोन्ही हातांनी घेतात आणि विचारपूस करतात. किती दिवस फडकला, रात्री उतरवत होता का, पावसात होता का. एकदा तर त्यांनी एका दुकानदाराला, "तेनी तब्येत कधी बिघडनी?" असं विचारल्याचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. मग तपासणी. नुसती शिवण सुटली असेल तर "हाऊ जित्ता शे" म्हणून तो अक्कांच्या शिलाई मशीनकडे रवाना होतो आणि टाके घालून मालकाकडे परत जातो. ज्याचं कापडच विरलं, त्याला आबा घडी घालून माजघरातल्या ट्रंकेत ठेवतात. त्या ट्रंकेवर घरातल्या कुणी बसायचं नाही, लोणच्याची बरणी ठेवायची नाही. जावईबापूंनी एकदा कॉलेजचे पेपर ठेवले होते, तर ते रात्रीच्या जेवणापर्यंत सापडले नाहीत.

ट्रंक भरत आली की पुढचं काम आबा एकटे करतात. ध्वजसंहितेत म्हटलं आहे की जीर्ण झालेला झेंडा एकांतात, संपूर्णच्या संपूर्ण, मान राखून नष्ट करावा, शक्यतो जाळून. आबांनी त्यातला एकांत हा शब्द असा धरला की अक्कांनाही शेतात यायची मनाई. भल्या पहाटे ट्रंकेतले झेंडे घेऊन ते शेताच्या मधल्या पट्टीत जातात, कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, रचतात, चप्पल काढतात, घडी मोडू न देता एकेक झेंडा आगीला देतात आणि राख होईपर्यंत ताठ उभे राहतात. खादी स्वच्छ जळते, असं ते कौतुकाने सांगतात. राख निवली की ती भरून तापीवर जायचं, राख सोडायची, बुडी मारायची आणि ओल्या धोतराने घरी यायचं. एरवी पायजमा घालणारा हा माणूस त्या दिवशी धोतर नेसतो. इथवर सगळं ठीक आहे. पण आबा त्या दिवशी घरात सुतक पाळतात. दाढी नाही, गोड नाही, भाजीला फोडणी नाही. अक्कांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत देतो, "ह्या मानूसना पायी मना घरमा वरीसमा चारदाव सुतक ऱ्हास. सासरा गया तव्हय बी इतलं पाळं नही."

या सुतकाने आमची एकदा चांगलीच धांदल उडवली. लेकीचं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांच्या गावचा एक ओळखीचा माणूस जळगावच्या बाजारात हिला भेटला आणि सांगून गेला की तुमचे व्याही सकाळी ओल्या धोतराने तापीवरून येताना दिसले, टोपी हातात होती, कुणाशी बोलले नाहीत. आमच्या खानदेशात एवढं ऐकल्यावर फोन करून विचारायची पद्धत नाही, सरळ दारावर जायचं असतं. हिने फिक्या रंगाचं लुगडं नेसलं, मी शेजाऱ्यांची जीप घेतली, हिच्या दोन बहिणी बरोबर घेतल्या. गावात शिरताच बायकांनी डोक्यावर पदर घेतले आणि ओट्याशी येऊन रीतीप्रमाणे रडायला सुरुवात केली. त्यांचं रडणं ऐकून गल्लीतल्या बाया धावल्या आणि त्याही रडू लागल्या, कारण कोण गेलं हे विचारण्याइतका वेळ कुणाकडेच नव्हता. आमची लेक आतून हातात लाटणं घेऊन बाहेर आली आणि आम्हाला बघून तिथेच थिजली. ओट्यावर आबा वाढलेल्या दाढीनिशी बसले होते. मी त्यांच्या शेजारी टेकलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आबा, कोण?" आबांनी सुस्कारा सोडला. "शाळाना मोठा झेंडा," ते म्हणाले, "खूप चांगला व्हता." आता हसावं की रागवावं हे मला कळेना. हिच्या बहिणी मात्र आल्यासारखं मनापासून रडून घेतो म्हणाल्या आणि मग सगळ्यांनी बिनफोडणीच्या वरणाबरोबर भाकरी खाल्ली.

मग ते दिवस आले की घराघरावर झेंडा लागायला लागला. चांगली गोष्ट होती, आबांना तर आनंदाने झोप लागेना. पण हे झेंडे बहुतेक कृत्रिम कापडाचे, स्वस्त, चकचकीत, आणि ऊन-पावसात दोन महिन्यांत चिंध्या होणारे. ओट्यावर ढीग लागला. ट्रंक भरली, धान्याची रिकामी कोठी भरली. आबांनी नेहमीप्रमाणे पहाटे पऱ्हाट्या रचल्या, झेंडा आगीला दिला आणि मागे सरकले. ते कापड जळेना. ते आकसलं, वितळलं आणि थेंबाथेंबाने काळं होऊन खाली टपकू लागलं. त्या दिवशी दुपारी आबांनी मला फोन केला. एरवी त्यांचा आवाज फोनशिवायही जळगावला पोचेल असा, पण त्या दिवशी मला रिसीव्हर कानाशी घट्ट धरावा लागला. "हाऊ जळत नही याहीबुवा," ते म्हणाले, "हाऊ रडस." मी त्यांना म्हटलं की जास्त आच द्या, कोरड्या पऱ्हाट्या जास्त घाला. मला तरी दुसरं काय सुचणार होतं? मी आयुष्यभर बँकेत बसलेला माणूस, आच म्हणजे गॅसची एवढंच मला माहीत.

आबांनी आच वाढवली. आणि त्याच वर्षी त्यांच्या शेताच्या बांधाला लागून नवा रस्ता झाला होता, तोही चांगला उंच, पुलासकट. इतकी वर्षं कपाशीने झाकलेली ती मधली पट्टी त्या पुलावरून ताटातल्या भाकरीसारखी उघडी दिसत होती, हे आबांच्या ध्यानातच आलं नाही. एका सकाळी काळ्या धुराचा लोट उठला, पुलावर कुणाची तरी गाडी थांबली, मोबाइल निघाला. नाश्त्याच्या वेळेपर्यंत तो व्हिडिओ आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आला होता. पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा, पुढे आग, आगीत तिरंगा. खाली लिहिलेलं होतं की या देशद्रोह्याला ओळखा. चेहरा नीट दिसत नव्हता, पण त्या ताठ उभं राहण्यावरून मी ओळखलं. दुपारी लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही या. आबांना ठाण्यात बोलावून नेलंय. बाहेर खूप लोक जमलेत." हिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मी मिळाली ती एसटी पकडली.

ठाण्याच्या आवारात खरंच गर्दी होती. घोषणा चालल्या होत्या. सगळ्यात पुढे बाजारातला एक दुकानदार होता, जो संक्रांतीला पतंग, श्रावणात राख्या, दिवाळीत फटाके आणि ऑगस्टमध्ये झेंडे विकतो. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आत आबा बाकावर बसले होते, टोपी सरळ, हात गुडघ्यांवर. समोर तरुण फौजदार, बोलायला नम्र आणि चेहऱ्याने पार बेजार झालेले. ते मला म्हणाले, "काका, मला संहिता माहीत आहे. आबांनी चुकीचं काही केलेलं नाही, हे मलाही कळतं. पण बाहेरच्या लोकांना कसं समजावू?" यावर आबा म्हणाले, "साहेब, तुम्हाले वाटी तर माले जेलमा टाका. पन 'अपमान' हाऊ शब्द मना नावपुढे लिखू नका." एवढंच त्यांचं मागणं होतं. जामीन, वकील, अब्रू, शेजारीपाजारी काय म्हणतील, यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना तो एक शब्द नको होता.

मग फौजदारांनी तोडगा काढला, आणि मला तो फार पसंत पडला. आबांकडे अजून झेंडे होतेच. त्यातले खादीचे दोन-चार आणावेत, इथे आवारात सगळ्यांसमोर आबांनी ती सगळी रीत करून दाखवावी. कपाशीच्या काड्या, अनवाणी उभं राहणं, राख, सगळं. लोकांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की विषय संपला. मी तर लगेच जावईबापूंना ट्रंकेसाठी फोन लावायला निघालो. आबांनी मान हलवली. फौजदारांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नसेल, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, "मानूसले आखरी आंघोळ घालतस तव्हय आपन धोतरना आडोसा करतस का नही? हाई बी तसंच शे. चार लोके देखतीन म्हनीसन मी ते उघडावर करनार नही." मी म्हटलं, "आबा, तुमच्यासाठी नको, लेकीसाठी करा. गावात तिला राहायचंय." ते मला एवढंच म्हणाले, "तुमीन बसा." मी बसलो. नाव वाचवायचा सोपा रस्ता समोर पडलेला, आणि हा माणूस त्यावर पाऊल टाकायला तयार नव्हता, कारण मग झेंड्याचा आडोसा गेला असता. मला राग आला होता, पण सांगायला हरकत नाही, त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसताना माझी छाती नेहमीपेक्षा फुगलेली होती.

दिवस कलला. त्या ठाण्यात सूर्यास्ताला झेंडा उतरवायचा रिवाज आहे. बाहेर एवढी गर्दी असली तरी शिपाई वेळेवर खांबाशी गेला आणि त्याने दोरी सोडली. वारं सुटलं होतं. खिडकीतून आम्हाला दिसत होतं की झेंडा नेहमीपेक्षा भरभर खाली येतोय आणि शिपाई एकटा आहे, दोन्ही हात दोरीत अडकलेले. त्याची काहीच चूक नव्हती, वाराच तसा होता. आबा उठले. ज्या माणसाला आमच्या घराच्या दोन पायऱ्या चढायला कठडा लागतो तो माणूस दारातून धावत सुटला. फौजदार त्यांना थांबवू शकले असते, त्यांनी थांबवलं नाही. गर्दीतल्या कुणाला काही कळायच्या आत आबा खांबाशी पोचले, त्यांनी दोन्ही हात पसरले आणि झेंड्याची खालची कड जमिनीपासून वीतभर वर असताना झेलली. मग शिपायाने एक बाजू धरली, आबांनी दुसरी. केशरी खाली, हिरवा खाली, पांढरा वर, दोन्हीकडून घडी, मधे चक्र. घडी सुतासारखी सरळ पडली. घोषणा कधी थांबल्या ते मला सांगता येणार नाही. माणसं ताठ उभी होती, तो दुकानदारसुद्धा.

आबांनी घडी शिपायाच्या तळहातांवर ठेवली आणि मग त्या दुकानदाराकडे वळले. आवाज चढवला नाही. "तू ह्या इकस," ते म्हणाले, "मंग फाटावर त्या कोठे जातस, कधी इचार करा का रे भो?" दुकानदार पायाशी बघू लागला. मग इतक्या हळू बोलला की पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू गेलं असेल, "आबा, मना दुकानमा बी शेत फाटेल. तेस्ना काय करू?" आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सकाळे लई ये," ते म्हणाले, "पन एकलाच ये." लोक पांगले. फौजदार दारापर्यंत आले, त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "गुन्हाही नाही आणि तो शब्दही नाही. आबा, घरी जा." संहितेत जाळण्याशिवाय मान राखणारी दुसरी रीतही चालते, हे त्यांनीच आबांना समजावून सांगितलं. तेव्हापासून कृत्रिम कापडाचे झेंडे आबा जाळत नाहीत. लाकडी पेटीत घडी घालून ठेवतात आणि शेतातल्या कडुनिंबाखाली खोल पुरतात, आडोशाला ताडपत्री बांधून. दुकानदार आला, एकटाच आला आणि अजूनही येतो.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं ठाण्यापासून घराकडे चालत निघालो. जावईबापू गाडी घेऊन आले होते, आबा नको म्हणाले. रस्त्याला अजून उजेड होता, दोन्ही बाजूंना कपाशी. आबांची मान खाली होती. मला वाटलं दमले असतील. मी म्हटलं, "झालं ना आबा सगळं नीट?" ते म्हणाले, "व्हयनं." थोडं चालले आणि म्हणाले, "पन जिवाले एक लागनं. इतला वरीस ह्या गावना झेंडा मी हातमा लिधा. आज एकजन बी ईसन पुसं नही, आबा, काय व्हयनं म्हनीसन." लोकांनी विचारायला हवं होतं, आणि लोकांनी विचारलं नाही, एवढंच खरं होतं.

पुलाशी आलो तेव्हा ते थांबले. तिथून त्यांची ती पट्टी दिसत होती, काळा डाग अजून जमिनीवर होता. डागाकडे बघतच त्यांनी विचारलं, "याहीबुवा, तुमीन बी तो ईडीओ देखा व्हता ना?" मी म्हटलं, पाहिला. "तव्हय पहिले मनमा काय उनं?"

पहिल्यांदा मनात जे आलं होतं तेच मी सांगितलं. म्हटलं, "झेंडा फार जुना झाला असणार."

आबांनी टोपी काढली, तिनेच डोळे पुसले आणि पुन्हा नीट बसवली. मग माझा हात हातात घेतला आणि आम्ही निघालो. व्याह्याचा हात असा धरून रस्त्याने चालण्याची आमच्याकडे पद्धत नाही. पण घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही आणि मीही काढून घेतला नाही.